१ जुलैचे गुरुजी

विदर्भातल्या आमच्या कन्हानमध्ये पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही जन्मतारीख विचारा, तो १ जुलै सांगेल. त्यानं नाही सांगितली तर त्याच्या शेजारच्याला विचारा. त्या दिवशी सकाळपासून गावातले फोन टिणटिणत असतात. बँकेच्या शुभेच्छा, विमा कंपनीच्या शुभेच्छा, मोबाइल कंपनीच्या शुभेच्छा. माणसं मात्र एकमेकांना काही म्हणत नाहीत, कारण समोरच्याचाही आजच वाढदिवस, आणि दोघांनाही ठाऊक की ही तारीख आईनं दिलेली नाही, गुरुजींनी दिलेली आहे. बाहेरून नव्यानं आलेल्या एका डॉक्टरसाहेबांनी म्हणे दवाखान्यातले केसपेपर चाळून नऊ महिने मागे मोजले आणि कंपाउंडरला हळूच विचारलं, "तुमच्याकडे कोजागरीला नेमकं काय असतं?"

कोजागरीला आमच्याकडे मसाला दूध असतं. तारखेचं मूळ शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे. सत्तरच्या दशकात पोराचं नाव टाकायला आई यायची, कडेवर धाकटं, बोटाला थोरलं. जन्माचा दाखला नावाचा कागद असतो हे तिला माहीत नसायचं, आणि गुरुजीही मागायचे नाहीत. ते विचारायचे, "कवाचा जन्म?" ती सांगायची, "तान्ह्या पोळ्याच्या आदल्या राती झाला जी, नदीले पूर होता थ्या साली." गुरुजी मान डोलवायचे. पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावून पाहायचे. बोटं कानाला टेकली की पोरगं सहा वर्षांचं. मग टाक दौतीत बुडवून वळणदार अक्षरात लिहायचे: १ जुलै. अमावास्येच्या अंधारात, पुरात, पोळ्याच्या धामधुमीत झालेलं पोरगं दोन महिने आधी, सरकारी कामकाजाच्या वेळेत जन्माला यायचं.

यात मनमानी नव्हती, हिशेब होता. विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. नावं टाकून होईपर्यंत १ जुलै येतोच. पुण्या-साताऱ्याकडं शाळा आधी उघडतात म्हणून तिकडची जुनी माणसं १ जूनला जन्मलेली. पाऊस काय, म्हातारे काय, तिकडं सगळं आमच्या आधी पोचतं. शिवाय कोणी कुरकुर केलीच तर गुरुजींकडं हुकमाचं पान होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आपल्याच विदर्भातले, जन्म १ जुलै १९१३. "मुख्यमंत्र्याले चालते, तुले काय धाड भरली?"

खुद्द गुरुजींची तारीखही १ जुलैच, साल १९४९. ती त्यांच्या गुरुजींनी टाकलेली. परंपरा म्हणतात ती हीच.

पुढं या परंपरेनं डंख मारला. सरकारी नियम असा की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळं गुरुजी ३० जून २००७ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी, हारतुरे, शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले. दोन वर्षांनी सहावा वेतन आयोग राज्यात लागू झाला, तोही १ जानेवारी २००६ पासून मागल्या तारखेनं, आणि त्यात सगळ्यांच्या वार्षिक वेतनवाढीची तारीख एकच ठरली: १ जुलै. म्हणजे वर्षभर राबून ३० जूनला निवृत्त झालेल्या माणसाची वाढ एका रात्रीनं हुकली. गुरुजींनी हे गणित तीनदा सोडवून पाहिलं. उत्तर तेच आलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हेच उत्तर गावातल्या सरकारी नोकरीत गेलेल्या प्रत्येक पोराच्या वहीत आधीच लिहून ठेवलंय.

त्यानंतर दरसाल जूनअखेरीस एखादा तलाठी, एखादा पोस्टमन, एखादा लिपिक हार गळ्यात घेऊनच गुरुजींच्या ओसरीवर यायचा, पाया पडायचा आणि विचारायचा, "गुरुजी, तुमी २ जुलै काहून नाही टाकली?"

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा हुकलेल्या वेतनवाढीच्या बाजूनं निकाल दिला. निकालाची बातमी कापून गुरुजींनी खिशात ठेवली होती आणि भेटेल त्याला दाखवत होते. इतका आनंद त्यांना नातू झाला तेव्हाही झाला नव्हता, असं काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, म्हणतात. पण काकूंचं सगळंच खरं धरायचं नसतं.

ते गुरुजी गेल्या महिन्यात गेले. वय ७६. रजिस्टरप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर गुरुजींचा फोटो, निवृत्तीच्या दिवशीचा, आणि खाली हातभर अक्षरात 'भावपूर्ण श्रध्दांजली'. त्यातला द आणि ध यांची अदलाबदल झालेली. आता मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घालून १८ केले, आणि हे अठराच्या अठरा या माणसानं तीन पिढ्यांकडून घोकून घेतले. आणि त्याच्याच फोटोखाली हे. जाणारे-येणारे थबकायचे, नमस्कारासाठी हात जोडायचे आणि वर बघितलं की हात अर्ध्यात थांबायचे. फोटोतले गुरुजी आपल्यालाच विचारतायत असं वाटायचं. संध्याकाळी खाणीतून निवृत्त झालेला एक फोरमन, गुरुजींचा जुना विद्यार्थी, स्टुलावर चढला आणि लाल मार्करनं ते जोडाक्षर दुरुस्त करून खाली उतरला. उतरल्यावर त्यानं सवयीनं समासात सहीसुद्धा केली. कन्हानमध्ये गुरुजींना वाहिलेली ती पहिली खरी श्रद्धांजली.

शोकसभा समाजभवनात झाली. निवृत्त शिक्षकांनी भरवलेली शोकसभा एकदा तरी पाहावी. या मंडळींना अध्यक्ष, सूचक आणि अनुमोदक यांच्याशिवाय रडता येत नाही. सूत्रसंचालकांनी प्रास्ताविक केलं, फोटोला हार झाला, पाहुण्यांचा परिचय झाला आणि एका सरांनी उत्साहाच्या भरात "आजच्या या मंगलप्रसंगी" म्हणून सुरुवात केली. दोन मिनिटं मौन जाहीर झालं. मौन आमच्याकडं कधी दोन मिनिटं टिकत नाही. अर्ध्या मिनिटानंतर लोक एक डोळा उघडून शेजाऱ्याकडं बघतात आणि कोणीतरी घसा खाकरला की सगळे खाली बसतात. गुरुजी असते तर घड्याळ हातात धरून त्यांनी १२० सेकंद मोजून घेतले असते, आणि मध्ये हललेल्याला पुन्हा पहिल्यापासून उभं केलं असतं.

भाषणं झाली. पाच वक्त्यांपैकी पाचांनी त्यांना 'कन्हानचे साने गुरुजी' म्हटलं. विदर्भात निवृत्त शिक्षक गेला की त्याला साने गुरुजी करायची पद्धतच आहे, पेन्शनच्या कागदासारखीच ती ठरलेली. पण जरा ताळा करून बघा. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० अशी सहाच वर्षं शिकवत होते. मग नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. लग्न केलं नाही. आमच्या गुरुजींनी ३७ वर्षं नोकरी केली, दोन मुलगे आणि एक मुलगी वाढवली, भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून दोन खोल्यांच्या चार केल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी एकदाच पाहिलं, तेही कांदे चिरताना. साने गुरुजींना मुलं देवाघरची फुलं वाटायची. आमच्या गुरुजींना मुलं बिहारहून, छत्तीसगडहून, आंध्रातून खाणीत कामाला आलेल्यांच्या घरची वाटायची, कारण ती तिथलीच होती. आणि त्यांना मराठी पाढे कसे पाठ करून घ्यायचे या विवंचनेत फुलांकडं बघायला वेळ नव्हता.

दुसरी ठरलेली गोष्ट मार. प्रत्येक वक्ता गुरुजींनी आपल्याला किती मारलं ते अभिमानानं सांगत होता. एकानं तर डाव्या कानामागची खूण सभेला दाखवली. "त्या मारानंच घडलो," म्हणाला. हे भाषण त्यानं गुरुजी नोकरीत असताना आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागू असताना केलं असतं, तर कलम १७ खाली गुरुजींची चौकशी लागली असती. मला स्वतःला हे मारानं घडण्याचं प्रकरण कधी पटलं नाही. जे घडले ते माइकसमोर येतात; जे मार खाऊन शाळा सोडून पळाले, त्यांना शोकसभेत बोलायला कोण बोलावतं? आणि गुरुजींनाही ते पटत नसावं. निवृत्तीनंतर एकदा मला म्हणाले होते, "बारक्या, मारलं थे पोरगं विसरलं. नाही मारलं थेच पोरगं सांगत फिरते का गुरुजीनं लय मारलं."

ज्यानं घडलो ते वेगळंच होतं. कामठी सोडून गाडी कन्हानकडं निघाली की नदीवरचा रेल्वेपूल लागतो. 'अमुक लांबीची गाडी तमुक वेगानं पूल किती वेळात ओलांडेल' हे गणित महाराष्ट्रातल्या सगळ्या पोरांच्या वाट्याला येतं, पण ज्यांच्या गावात गाडीही आहे आणि पूलही आहे अशी पोरं थोडी. गुरुजी आम्हाला नदीवर घेऊन जायचे. एक पोरगं इंजिन पुलावर चढताना हात वर करायचं, दुसरं गार्डाचा डबा उतरताना, आणि गुरुजींच्या मनगटावर घड्याळ. मालगाडी असली की डबे मोजायचे. एक म्हणायचा ५८, दुसरा ५९, आणि या एका डब्यावरून हातघाई व्हायची, कारण एकानं गार्डाचा डबा धरलेला असायचा आणि दुसऱ्यानं सोडलेला. गुरुजी ते भांडण सोडवायचे नाहीत. पुढची मालगाडी येईस्तोवर आम्हाला वाळूवर बसवून ठेवायचे, पुन्हा मोजायला. कोळशाचं गाव, गाड्यांना तोटा नव्हता. पुस्तकातल्या गाडीची लांबी गुंतवळ्यासारखी डोक्यात अडकून राहते. ही मोजलेली गाडी सुटून गेली आणि गणित मागे राहिलं. रामटेक पॅसेंजरवर मात्र त्यांनी कधी गणित घातलं नाही. "तिचा वेग कोणी सांगू शकत नाही," म्हणायचे.

आता खर्ऱ्याचं. नागपूरकडच्या वाचकाला खर्रा काय ते सांगायला नको; इतरांनी एवढंच समजावं की सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घोटघोट घोटून जे होतं ते, आणि ते तोंडात असताना माणूस मान हलवण्यापलीकडं काही करू शकत नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली. गुरुजींची कन्हानपुरती त्याच्या कैक वर्षं आधीची. पानठेल्यावर चार बाप्ये उभे असायचे, नातवंडं झालेले, आणि लांबून गुरुजींची सायकल दिसली की गाल आत ओढून उभे राहायचे. गुरुजी ब्रेक दाबायचे, एक पाय खाली टेकवायचे, आणि अगदी प्रेमानं विचारायचे:

"काय रे, बरा हायेस ना?"

मान हलायची.

"पोरगं कितवीत गेलं?"

चार बोटं वर.

"अस्सं. आणि सतरा साते?"

हे 'एकशे एकोणीस' तोंडात खर्रा धरून म्हणून बघा. ठेल्याच्या मागे जाऊन थुंकावंच लागायचं. गुरुजी तोवर थांबायचे, उत्तर ऐकायचे, "शाब्बास" म्हणायचे आणि पायंडल मारून पुढं निघायचे. खर्रा वाईट असं ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त प्रश्न असा निवडायचे की उत्तर बोटांवर दाखवता येऊ नये.

पेपरातल्या निधनवार्तेत 'मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल' असं छापून आलं. पैकी मनमिळाऊ हे पेपरवाले सगळ्यांनाच देतात. कुटुंबाचं मात्र खरं होतं. गुरुजींचं घरावर फार प्रेम, आणि ते प्रेम त्यांनी शाळेतून घरी आणलेल्या एकाच नमुन्यात केलं. रात्री जेवायला बसण्याआधी पोरांची हजेरी. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर, त्यावर आठवड्याला काकूंची सही. भाजीला दिलेल्या पैशाची टाचणवही: 'वांगी पाव किलो, सांबार एक जुडी (फुकट मागून घेतला)'. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी मुद्रितं तपासून चार वेळा परत पाठवली. छापखानेवाला म्हणाला, गुरुजी, मुहूर्त निघून जाईल. व्याह्यांकडून आलेल्या पत्रिकेत 'आशिर्वाद' होतं. ते लाल शाईनं 'आशीर्वाद' करून त्यांनी परत पाठवलं, आणि तरीही ती सोयरीक टिकली, यावरून मुलीच्या नशिबाची कल्पना यावी.

काकू सांगतात, १९७७-७८ सालचा राज्य कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप हा त्यांच्या संसारातला सगळ्यांत अवघड काळ. पगार नाही म्हणून नव्हे. गुरुजी ५४ दिवस घरी होते म्हणून. पहिल्या आठवड्यात त्यांनी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्यांना अनुक्रमांक दिले. तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकाचं वेळापत्रक भिंतीवर आलं, मध्ये पंधरा मिनिटांची छोटी सुटी. "मी त देवाले म्हणे, सरकारचं काय व्हायचं थे होवो, पण शाळा उघडू दे बाप्पा." निवृत्तीनंतरची अठरा वर्षं त्यांनी कशी काढली हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

धाकट्या मुलाचं बिऱ्हाड पुण्यात, संगणकाच्या नोकरीत. नातू इंग्रजी शाळेत. व्हिडिओ कॉल लागला की नातवाच्या तोंडावर आधी आनंद आणि मग लगेच सावधपणा यायचा, कारण आजोबा 'कसा आहेस' म्हणायच्या आधी 'अडीचकी म्हण' म्हणायचे. पोरगं स्क्रीन गोठल्यासारखं निश्चल बसायचं. फसवायची ही युक्ती त्यानं शोधली खरी, पण भिंतीवरचा पंखा फिरताना गुरुजींना दिसायचा.

२०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आणि बत्तीसला 'तीस दोन' म्हणायची पद्धत आणली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. जोडाक्षरांमुळं आणि उलट्या क्रमामुळं लहान पोरं अडखळतात, हा त्यामागचा विचार. आम्हाला वाटलं गुरुजी आता उपोषणाला बसतील. ते दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "पोराइचं सोपं होते, थे खरं हाय. खाणीतल्या पोराइले एकोणसाठ आणि एकोणसत्तर शिकवता शिकवता माझी हयात गेली." नंतर जरा थांबून: "पण मले आता सत्तर लागते. पुढच्या साली मी एकाहत्तरचा का सत्तर एकचा? पेन्शनच्या कागदावर काय लिहू?"

पेन्शनचा कागद हा त्यांच्या उत्तरायुष्याचा ग्रंथ. गुरुजी गेले त्या रात्री मुलांनी कपाट उघडलं तर वर एक फाईल, दोरीनं बांधलेली, 'मी गेल्यावर' असं मथळ्याला आणि खाली अधोरेखन. आत क्रमानं सगळं: सेवापुस्तिकेची प्रत, पेन्शनचा आदेश, बँकेचं पासबुक, काकूंबरोबरचा जोडफोटो, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज पूर्ण भरून ठेवलेला. फक्त दिनांकाची जागा मोकळी. सोबत थोरल्याला चिठ्ठी: 'मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती काढणे. सहा नको, पैसे वाया जातात.' काकू चष्मा लावून अर्ज वाचत होत्या. वाचता वाचता अर्जदाराच्या जन्मतारखेपाशी आल्या आणि त्या रात्री पहिल्यांदा हसल्या. तिथंही १ जुलैच होती. "मी संक्रांतीची हाय," त्या म्हणाल्या. "लग्नात यांनी विचारलंच नाही."

थोरल्यानं ती दुरुस्त करायला नको असं ठरवलं. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, मतदार यादीत सगळीकडं तीच आहे, आणि दुरुस्तीला लागणारं प्रतिज्ञापत्र गुरुजींच्याच अक्षरातल्या कागदावर जाऊन अडतं.

जाता जाता एक कामाची गोष्ट. दरसाल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुरुजी यादी घेऊन निघायचे आणि कन्हान, पिपरी, पलीकडं कामठीपर्यंत प्रत्येक पेन्शनरच्या दारात सायकल उभी करून विचारायचे, हयातीचा दाखला दिला का? ज्याचे गुडघे गेलेत त्याला ऑटोत घालून बँकेत न्यायचे. ही यादी आता काकूंकडं आहे, पण काकूंना सायकल येत नाही. तेव्हा निवृत्त मंडळींनी, विशेषतः १ जुलैवाल्यांनी, यंदा आपलं आपण लक्षात ठेवावं: १ ते ३० नोव्हेंबर, बँकेत जायचं, पासबुक आणि आधार कार्ड सोबत न्यायचं, आणि जिवंत असल्याची सही करून यायची. सही बँकेत आहे तशीच करा. आणि खाली दिनांक घालायला विसरू नका.